ज्येष्ठात घेतलेली दिवाळी

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत आमच्या गावात शहाणा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. एकटा मीच काय तो शहाणा उरलो आहे, असं तेव्हा मला वाटत होतं. त्या शहाणपणाचं पुढे काय झालं, तेच सांगायला बसलो आहे.

अमरावतीला तेव्हा आम्ही उमरावतीच म्हणत असू. समुद्रापलीकडे कुठे तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडून पडला होता, आणि म्हणून आमच्या काळ्या मातीतली बोंडं विलायतेला एकाएकी हवीशी झाली होती. याहून जास्त आम्हांला काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची कोणाला गरजही नव्हती. आदल्या साली फाटकं घोंगडं पांघरून येणारा शेतकरी यंदा पोळ्याला बैलांवर मखमलीची झूल टाकत होता.

मी जोशी. परकोटाच्या आत आमचं दोन खणांचं घर, आणि भातकुलीच्या बाजूची चार गावं माझ्याकडे. लोकांना तिथी सांगायची, लग्नं लावायची, सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं धान्य आणायचं, असा आमचा चरितार्थ. आता मौज अशी झाली की लोक श्रीमंत झाले आणि मी गरीब झालो. ज्वारीच्या रानात सगळ्यांनी कापूस लावला. खळीच नाहीत, तर धान्य कुठून यायचं? कोणी हौसेने दक्षिणा दुप्पट दिली, तरी बाजारात ज्वारी तिच्या पुढेच पळत होती. कापूस काही शिजवून खाता येत नाही.

त्यातच आमची एकुलती लेक अकोल्याला सासरी नांदायला गेली. सोयरीक ठरली तेव्हा व्याही आमच्याच तोलाचे होते. पण त्यांची मोर्णेच्या काठाला कपाशीची जमीन. दोन हंगामांत त्यांच्याकडे चांदीची ताटं आली, आणि आमच्या विहीणबाईंचा आवाज दोन सूर वर चढला. यंदा लेकीची पहिली दिवाळी. दिवाळसणाला जावई येणार. त्या वेळी देण्याघेण्यात काही उणं पडलं, तर पोरीला ते वर्षभर उठता-बसता ऐकावं लागणार. बापाच्या हलकेपणाचे टोमणे पोरीने खावेत, हे मला सोसण्यासारखं नव्हतं. ती अंगाने लहान, आणि उलट बोलायची सवय नसलेली. तिची आठवण आली की माझा राग नाकावर येई, आणि तो कोणावर काढावा हे कळत नसे. बहुधा तो घरातच निघे.

तर पाडव्याच्या दिवशी देवळाच्या पारावर बसून मी नवं पंचांग वाचून दाखवलं. यंदा अधिक श्रावण आहे, हेही खड्या आवाजात सांगितलं. घरी येऊन जेवता जेवता मी मंडळींना, म्हणजे बायकोला, माझा बेत ऐकवला.

"दसऱ्याला कापूस बाजारात यायला लागला, की कापडाचे भाव असे चढतील की आपल्याला हात लावता येणार नाही. लग्नसराईतही दुकानदार डोक्यावर बसतो. पण ज्येष्ठात? लग्नं उरकलेली, शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात गेलेला. दुकानदार माश्या मारत बसलेला असतो. तेव्हा दिवाळी आपण ज्येष्ठातच विकत घ्यायची."

"एवढ्या लवकर?" ती म्हणाली.

"लवकर म्हणूनच स्वस्त. शिवाय यंदा अधिक महिना आहे, म्हणजे दिवाळी आणखी एक महिना लांब. दुकानदाराच्या डोक्यात अजून दिवाळीचा द सुद्धा नसेल. हे सगळं मी करीन, तू मध्ये पडू नकोस. बायकांना काठ बघता येतो, भाव बघता येत नाही."

हे वाक्य मी अगदी असंच बोललो. तिने माझ्या पानात ताक वाढलं.

ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात मी बाजार पालथा घालायला निघालो. आमच्या पेठेत एक मारवाडी कापडवाला होता. त्याच्या घरची दोन लग्नं मी लावली होती, त्यामुळे तो मला नमस्कार करी आणि भाव मात्र इतरांना सांगे तोच सांगे. पहिल्या दिवशी मी नुसता बसून पाणी प्यालो. दुसऱ्या दिवशी एक नागपुरी रेशीमकाठी धोतरजोडी उलगडायला लावली आणि काठात खोट काढली. तिसऱ्या दिवशी गेलोच नाही. चौथ्या दिवशी त्याने आपण होऊन हाक मारली.

"महाराज, काल आले नाही? तब्येत बरी ना?"

"तब्येत बरी आहे. तुमच्या भावाने जरा ताप आला होता."

तो हसला आणि जोडी माझ्या भावाने सुटली. याच चालीने मी महिनाभरात जावयाचं पागोटं, लेकीला अंजिरी रंगाचं लुगडं, विहीणबाईंना खण आणि व्याह्यांना एक उपरणं जमवलं. उपरणं मात्र मी बडनेऱ्याच्या बाजारात घेतलं. तिथे ते दोन आण्यांनी स्वस्त पडत होतं, आणि त्या दोन आण्यांसाठी मी जाऊन-येऊन सहा कोस पायपीट केली. पायाला फोड आले, पण मन आकाशात होतं. सगळं नीट घडी घालून, मध्ये कडुनिंबाचा पाला पसरून, मी पेटीत ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधली. वर्षभरात जे काही शिलकीला पडलं होतं ते या पेटीत गेलं. आता दिवाळीपर्यंत नुसतं पोटापुरतं मिळालं तरी मी निश्चिंत होतो.

आषाढात भाव चढू लागले. मी मुद्दाम मारवाड्याच्या दुकानावरून जाई, त्या धोतरजोडीचा आजचा भाव विचारी, आणि घरी येऊन तो मोठ्याने सांगे. ती भाकरी थापत ऐकत असे.

मग अधिक श्रावण लागला. जोश्याला अधिक महिना म्हणजे सुगीच. दर घरी वाण. घरचा जावई म्हणजे प्रत्यक्ष नारायण, त्याला तांब्याच्या भांड्यात तेहतीस अनारसे आणि वर तुपाचा दिवा ठेवून द्यायचे, ऐपत असेल त्याने वर वस्त्र ठेवायचं, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. विधी सांगायला मी. शिवाय ब्राह्मणाला म्हणून मलाही अनारसे मिळतच. कापसाच्या पैशाने लोकांचा हात सैल झालेला. कोणी तेहतीस दिले, कोणी त्याच्या दुप्पट. महिना निम्मा झाला तोवर आमच्या घरी अनारशांच्या टोपल्या उभ्या होत्या. सकाळी अनारसे, रात्री अनारसे. आळीतली पोरं आमच्या दाराशी येणं सोडून पळायला लागली.

आणि प्रत्येक घरी मी एक गोष्ट बजावून सांगत असे. "वाण घरच्या तांदळाचं, घरच्या हाताचं पाहिजे. दुसऱ्याकडून दानात आलेलं उचलून जावयाला दिलं, तर ते दान नव्हे, ती हमाली." हे वाक्य मलाच फार आवडायचं. लोकही माना डोलवायचे.

महिना संपायला पाच-सहा दिवस राहिले होते. भातकुलीत एका पाटलिणीच्या घरी मी वाण सांगायला गेलो. बाई वयस्कर, तोंडाने फटकळ, मनाने राजा. जावई पाटावर बसलेला, अनारशांवर दिवा लावलेला. मी संकल्प सांगितला. आटोपल्यावर तिने माझ्यापुढे दक्षिणा ठेवली आणि सहज विचारलं, "काहो महाराज, तुमच्या पोरीचं तर यंदाच लगन उरकलं ना? मंग तुमी जावयाले काय देऊन राहिले?"

आटोपलेल्या संकल्पाचं पाणी मी पळीने पुन्हा सोडायला लागलो.

"महाराज? बोलत काहून नाही?"

"देतो... देणार आहे," मी म्हणालो.

"अवं, महिना सरून राहिला! कवा देता मंग, शिमग्याले?"

सगळं घर हसलं. मीही हसलो. पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. अधिक महिना मी पारावर वाचला होता, कापडाच्या भावात धरला होता, चार गावांना शिकवला होता. माझ्या घरीही एक जावई आहे, लग्नानंतरचा हा त्याचा पहिलाच अधिक महिना आहे, आणि त्याचं वाण मला द्यायचं आहे, हे मात्र माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि त्यातही कहर म्हणजे आठवड्यापूर्वी अकोल्याहून चिठ्ठी आली होती, की एकादशीला जावई लेकीला घेऊन येत आहेत. मी ती वाचून, "बरं झालं, पोर भेटेल," असं म्हणून खुंटीला अडकवली होती. एकादशी परवावर आली होती.

परतताना पावसाने रस्त्याचा काला झाला होता. बैलगाडीचं चाक काळ्या मातीत आसापर्यंत रुतलं. गाडीवाल्याबरोबर मी चिखलात उतरून चाकाला खांदा लावला आणि मनात एकसारखा हिशेब करत राहिलो. दक्षिणा येई ती ज्वारीतच जाई, हातात फुटकी कवडी नाही. पेटीतली धोतरजोडी आत्ता दिली, तर दिवाळीला काय देऊ? दिवाळीसाठी ठेवली, तर आत्ता काय देऊ? रिकाम्या हाताने जावई परत गेला, तर आमच्या विहीणबाई ते अख्ख्या अकोल्याला सांगतील, आणि मान खाली घालून पाणी भरेल ती माझी पोर.

गावात शिरलो तो आधी मारवाड्याकडे. म्हटलं, साधी का होईना, एक धोतरजोडी बघावी. त्याने जो भाव सांगितला तो ऐकून मी खालीच बसलो. वर तो म्हणतो, "महाराज, तुम्ही जेठमध्ये नेली ती जोडी मलाच परत द्या ना. दीडपट देतो." मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. त्याच्या घरचं तिसरं लग्न मला मिळालं नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

घरी आलो तो चिखलाने भरलेला आणि रागाने लाल. ओसरीवर अनारशांच्या टोपल्या दिसल्या आणि माझी बुद्धी फिरली.

"यातले तेहतीस चांगले वेचून काढ," मी म्हणालो. "परवा जावयाला वाण द्यायचं आहे."

ती दारात उभी होती. "दानात आलेले?"

"कोणाला कळणार आहे?"

"तुमाला कळेल, मला कळेल. हमाली म्हणता ना तुमी याला?"

मग मी भडकलोच. तू बायको की वैरीण, तुला ठाऊक होतं तर सांगितलं का नाहीस, जोश्याच्या घरात राहून अधिक महिना तुला कळत नाही, दिवाळीलाही आता माझी अब्रू जाणार, असं तोंडाला येईल ते बोलत सुटलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "दिवाळीला तीन महिने आहेत, अन् तुमी आतापासून भांडून राहिले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, ते हेच. पाय धुवा आधी."

पाय धुऊन आत गेलो. चुलीजवळ एक मातीची सट फडक्याने तोंड बांधून ठेवलेली होती. तिने फडकं सोडलं. आत गूळ घालून मळलेल्या अनारशाच्या पिठाचा गोळा होता, चांगला मुरलेला. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळून पुन्हा चार दिवस ठेवायचे. म्हणजे हे काम आठवड्यापूर्वीच सुरू झालेलं. आमच्या घरात तांदूळ सणापुरता. मी विचारलं, हे तांदूळ आले कुठून?

"पाडव्यापासून काढून ठेवून राहिली आहे. जेव्हा जेव्हा घरात तांदूळ आला, तेव्हा मूठ मूठ. तूपही तसंच." मग तिने कोनाड्यातून एक तांब्याचं ताम्हन काढलं. तिच्या माहेरचं होतं, आणि चिंचेने घासून ठेवलेलं होतं. "पारावर तुमी पंचांग वाचलं, तेव्हा ऐकलं ना मी. यंदा आपल्या जावयाचा पहिला अधिक, हे तेव्हाच डोक्यात आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमीच म्हणाले होते, मध्ये पडू नको. म्हटलं, विचारतील. रोज वाट पाहत होती. तुमी रोज धोतराचा भाव सांगत होते."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हणालो, "चुकलो." लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि हा शब्द मी तिच्यापुढे पहिल्यांदाच उच्चारला. तिने तो ऐकला न ऐकल्यासारखं केलं आणि खसखस निवडायला घेतली.

एकादशीला जावई आले. व्रताचा दिवस म्हणून द्वादशीला वाण दिलं. तिच्या हातचे तेहतीस अनारसे, जाळी अशी पडलेली की आरपार दिवा दिसावा. जावई तसा मुखदुर्बळ मुलगा. पण एक अनारसा खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि आपल्या बायकोकडे न बघता सासूला म्हणाला, "आमच्या घरी असे होत नाहीत." लेक खाली मान घालून हसली. मला वाटलं, जिंकली आमची मंडळी. टोपल्यांतले अनारसे मी त्यांच्या समोरसुद्धा आणू दिले नाहीत, ते गुपचूप गाईला घातले, आणि दोन दिवसांनी गाईनेही तोंड फिरवलं.

दिवाळी मग अगदी माझ्या बेताप्रमाणे झाली. तोवर कापड असं भडकलं होतं की शेजारचे वकीलसुद्धा जावयाला सुती जोडी देऊन मोकळे झाले. आमच्या पेटीतून रेशीमकाठी जोडी निघाली, पागोटं निघालं, अंजिरी लुगडं निघालं. जावई रुसायचा रिवाज म्हणून थोडा वेळ रुसला, आणि जोडी बघून लगेच उठला. मी आळीभर सांगत फिरलो, की हे सगळं मी ज्येष्ठात घेतलं आहे.

पाडव्याला सकाळी जावई बाहेर गेले होते. मी पाटावर बसलो. तिने मला कुंकू लावलं, ओवाळलं, आणि तबक पुढे धरलं. दर पाडव्याला मी त्यात काही ना काही घालत असे. कधी चोळखण, कधी नुसता रुपया. मी कनवटीला हात घातला, आणि हात तिथेच राहिला. पाच-सहा महिने आधी बाजार पालथा घालणाऱ्या माझ्या यादीत व्याही होते, विहीणबाई होत्या, जावई होता, लेक होती. हिचं नाव मी कुठेच धरलं नव्हतं. मला तिच्याकडे बघवेना.

"माग, काय हवं ते," मी म्हणालो. "आत्ता नाही जवळ, पण देईन."

तिने तबक खाली ठेवलं. मग म्हणाली, "एवढं सगळं ज्या घरी गेलं, ते घर मला एकदा दाखवा."

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा आमचा नेम. नुसतं बघायला कोणी जात नसे. लग्न आमच्या दारी झालेलं, त्यामुळे तिने ते घर पाहिलंच नव्हतं. मी म्हणालो, "लेकीला विचार ना. ती सांगेल कसं आहे ते."

"विचारलं. सगळं छान आहे म्हणते. विहीर कुठं आहे विचारलं, तर म्हणते जवळच आहे. सासरी गेलेल्या पोरी असंच सांगतात. मीही माझ्या आईला असंच सांगत होती."

तिला माझ्या घरी आल्यावर पहिली सात वर्षं पाणी किती लांबच्या आणि खोल विहिरीतून आणावं लागत होतं, ते मला ठाऊक होतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर आम्ही निघालो. अकोल्याच्या राजराजेश्वराच्या दर्शनाचं निमित्त केलं. रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला, दोन्ही बाजूंची झुडपं उडालेल्या कापसाने पांढरी झालेली. पाणी आम्ही घरचं नेलं होतं, आणि शिदोरी मोर्णेच्या काठावर बसून खाल्ली. मग लेकीच्या घरी गेलो. विहीणबाईंनी चांदीची ताटं मांडून दाखवली, आमची धोतरजोडीही दाखवली, आणि जोडी चांगली आहे असं म्हणाल्याही. ज्या शब्दांसाठी मी पायाला फोड आणले, ते शब्द मला मिळाले. आमच्या हिने मान हलवली आणि म्हणाली, "जरा पाय धुऊन येते."

लेक तिला मागच्या अंगणात घेऊन गेली. मला ओसरीवरून दिसत होतं. पोरीने पोहरा सोडला. ही दोराकडे बघत उभी राहिली. पाय धुवायला तिने फार वेळ लावला. पोरीने दुसरा पोहरा काढला, तोही तिने पायांवर घेतला.

दुपारी गाडी परत निघाली. अकोलं मागे पडेपर्यंत ती वळून वळून बघत होती. मग एकदम म्हणाली, "विहीर अंगणातच आहे हो. अन् पाणी अगदी वर आहे. चार हात दोर लागतो."

गेले सात-आठ महिने मी काठ आणि भाव बघत होतो, आणि ही त्या दोराचा विचार करत होती. मला माझी फार लाज वाटली, आणि तिची माया आली. उन्हाळ्यात ते पाणी खोल जाणार, हे मला कळत होतं. पुढचं आधी सांगणं हा माझा धंदाच. पण मी काही सांगितलं नाही. तिने गाठोड्यावर डोकं ठेवलं, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत ती उठली नाही.